दुसऱ्या परीक्षकाचा प्रश्न

थिया वोझ्नियाकचे कपडे यंत्रात गरगरत होते, तेव्हा ते पत्र आलं. मंगळवारची सकाळ, धुलाईच्या दुकानात ती आणि एक म्हातारा, त्याच्या मांडीवर घड्या केलेले मोजे, बाहेर फेब्रुवारीचा काळपट झालेला बर्फ. फोनवर अनुदान समितीचं नाव दिसलं तशी ती उठून उभी राहिली, उभं राहिल्याने काही फरक पडणार असल्यासारखी. विद्यापीठातल्या लेखन केंद्रांवर पीएच.डी. करणारे देशभरात मोजके वेडे आहेत, आणि त्यांच्यासाठी त्यांची संघटना दरवर्षी एक अनुदान देते. या विषयाला पैसे देणारं जगात दुसरं कुणी नाही, आणि असा विषय असू शकतो हे थियाच्या आईला गेल्या सहा वर्षांत पटलेलं नाही. पत्रात लिहिलं होतं की अर्ज सध्या मंजूर नाही, मात्र परीक्षकांच्या शंकांना उत्तरं देऊन तो शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पुन्हा पाठवला तर विचार होईल. म्हणजे जवळजवळ हातात आलं होतं. पहिल्या परीक्षकाने तोंड भरून कौतुक केलं होतं. तिसऱ्याला आणखी दोन संदर्भ हवे होते, देऊन टाकू. दुसऱ्याने मात्र एकच प्रश्न विचारला होता: संशोधक ज्या ट्यूटरांच्या मुलाखती घेत आहे, त्यांच्या कामाच्या पाळ्याही तीच लावते, तेव्हा तिला ‘नाही’ म्हणायची मोकळीक त्यांना होती का? थियाने ते वाक्य तीनदा वाचलं. पाळ्या ती लावते हे तिने अर्जात कुठेही लिहिलं नव्हतं. बारा पानांत एक अक्षर नाही. मग दूर कुठल्या गावात बसलेल्या या अनोळखी माणसाला हे सांगितलं कुणी?

तिचं एक यंत्र थांबलं, लाल दिवा लागला, म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती त्याच्याकडे पाहत राहिली, त्यानेच सांगितल्यासारखी. हा स्वभाव तिला वडिलांकडून आला होता आणि तो आल्याचं तिला मुळीच आवडत नव्हतं. कॅझिमिर वोझ्नियाक कातडी कमावण्याच्या कारखान्यात होते, संघटनेचे पुढारी होते, आणि शुक्रवारी चर्चच्या सभागृहात सगळा मोहल्ला तळलेले मासे खायला जमला की ते खाण्यापेक्षा पाहायचेच जास्त. कोण कुणाशेजारी बसला, कोण कुणाला पाव पुढे करतो, मुकादमाच्या टेबलापाशी कोण रेंगाळला. एका उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून काम मुद्दाम संथ करायचं ठरवलं होतं, ते वरपर्यंत पोचलं, आणि वडिलांनी सांगणाऱ्याचं नाव मनातल्या मनात पक्कं केलं: लेनर्ड, शेजारचा, त्यांच्याबरोबर लहानपणापासून गळ टाकून तळ्यावर बसलेला. नऊ वर्षं त्याच्याशी धड बोलले नाहीत. लेनर्ड वारला तेव्हा शवपेटीपाशी उभे राहून थियाच्या कानात पुटपुटले, ‘याच्या तोंडावर बघ, कळतंय का काही?’ थिया चौदा वर्षांची होती. तिला फक्त पावडर दिसली. घरी येताना गाडीत तिने ठरवलं की आपण माणसांवर विश्वास टाकायचा, डोळे मिटून टाकायचा. ठरवलं खरं. पण ओले कपडे पिशवीत कोंबताना तिने मनात यादी करायला घेतली होती. रॉबर्टा. डेझमंड. अकरा ट्यूटरांपैकी कुणी एक.

लेखन केंद्र ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होतं: गोल टेबलं, कागदी रुमालांचे खोके, वाडगाभर गोळ्या, कुणीही न्याव्यात अशा पेन्सिली. मुलं आपले निबंध घेऊन येत आणि त्यांच्याच वयाचे ट्यूटर शेजारी बसत. शेजारी, समोर नाही. लिहिणाऱ्याने आपलं लिखाण मोठ्याने वाचायचं, ट्यूटराने ऐकायचं, पेनला हात लावायचा नाही, चूक दाखवायची नाही, फक्त विचारायचं. इथे तुला काय म्हणायचं होतं? वाचणाऱ्याला इथे काय वाटेल? तुला स्वतःला काय वाटतं? संचालिका रॉबर्टा किन्सेला हिने तीस वर्षांत हेच शिकवलं होतं. नव्या ट्यूटरांना ती पहिल्या दिवशी स्वतःच्या हातांवर बसायला लावायची, अक्षरशः, तळवे मांडीखाली. थियाही सहा वर्षांपूर्वी अशीच बसली होती, बोटांना मुंग्या येईपर्यंत, आणि त्या मुंग्यांमधूनच तिला प्रबंधाचा विषय सुचला होता. ट्यूटराला चूक दिसते, जिभेवर येते, आणि तो ती गिळतो. काय काय गिळतो? या मुलांच्या पोटात एवढं न बोललेलं साठतं, त्याचं पुढे काय होतं? विषय चांगलाच होता. रॉबर्टाने ऐकून डोळे पुसले होते. अकरा ट्यूटरांच्या मुलाखती गेल्या पानगळीत झाल्या होत्या, अजून वीस व्हायच्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच याच अकराजणींच्या दुसऱ्यांदा, आणि अनुदान मिळालं तर थिया उन्हाळाभर दुसरं काम न करता बसून प्रबंध पुरा करणार होती. नाही मिळालं तर विभागाची मदत मे महिन्यात संपत होती, आणि बहिणीच्या नवऱ्याच्या विमा कचेरीत एक टेबल तिच्यासाठी रिकामं होतं. बहीण दर रविवारी त्या टेबलाची आठवण करून द्यायची, खिडकीजवळ आहे हं, असं म्हणून.

डेझमंड पर्सेल हा तिच्याबरोबरचाच, पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला, केंद्राच्या मागच्या खोलीत दोघांचं एकच टेबल. तो सफरचंद खात होता. थियाने कोट न काढताच सुरुवात केली. ‘ऑक्टोबरात तू रॉबर्टाबरोबर संघटनेच्या संमेलनाला गेला होतास ना? जेवायला कुणाकुणाबरोबर बसलात?’ डेझमंडने सफरचंद खाली ठेवलं. ‘चौकशी आयोग बसलाय वाटतं. वकील बोलावू?’ ‘सांग ना.’ ‘अगं, आठवतंय कुणाला! एका बाईने तासभर आपल्या मांजराबद्दल सांगितलं, तेवढं आठवतंय.’ ‘माझ्याबद्दल काही निघालं?’ ‘थिया, संमेलनात लोक स्वतःबद्दल बोलतात. दुसऱ्याची पाळी येईपर्यंत जेवण संपतं.’ तिने फोन पुढे केला, त्याने प्रश्न वाचला, शीळ घातली, आणि मग जे बोलला ते तिला नंतर दिवसभर टोचत राहिलं. ‘पण प्रश्न बरोबर आहे की.’ ‘बरोबर आहे का हे मी विचारलं नाही. सांगितलं कुणी ते विचारतेय.’ ‘हो, ते दिसतंय मला,’ म्हणून त्याने सफरचंद पुन्हा उचललं. फार सहज उचललं, तिला वाटलं. ज्याला खरोखर काही माहीत नसतं तो इतक्या सहज खात नाही. मग तिला आठवलं की सोमवारी दुपारी रॉबर्टाच्या खोलीचं दार बंद होतं. ते दार कधीच बंद नसायचं, तीस वर्षांत नसेल. आणि त्यातून बाहेर आली होती पाकू थाव, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची, अकराजणींतली एक. थियाला पाहून ती हसली होती. जरा जास्तच हसली होती. झालं, नाव सापडलं. थियाने तिथल्या तिथे तिला निरोप धाडला: ‘तुझ्या मुलाखतीबद्दल बोलायचं आहे. गुरुवारपर्यंत मला भेटून जा.’ निरोप गेल्यावर तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, पण लाज तिने बाजूला सारली.

त्या रात्री ती नीट झोपली नाही आणि बुधवारी तिने रॉबर्टाला गाठलं. म्हणजे रॉबर्टानेच तिला खोलीत बोलावलं, चेहरा पाहून. पासष्टीची बाई, गळ्यात चष्म्याची दोरी, खिडकीत तीन मरायला टेकलेली झाडं, ज्यांना ती कुणाला हात लावू देत नसे. थियाने आधीपासून ठरवलेलं शांत वाक्य तोंडातून निघालंच नाही. ‘दुसरा परीक्षक तुम्ही आहात का?’ रॉबर्टा म्हणाली, ‘आपल्याच विद्यार्थिनीचा अर्ज मला तपासायला देतील का? नाही.’ ‘मग तुम्ही कुणाला सांगितलंत?’ ‘कुणालाही नाही.’ ‘सोमवारी पाकू इथे कशाला आली होती? दार लावून?’ रॉबर्टाने चष्मा काढला. ‘ते तिला विचार.’ एवढंच. ज्या बाईने सहा वर्षं शेजारी बसून ऐकलं, थियाची आई रुग्णालयात होती तेव्हा तिच्या वाटणीचे तास स्वतः घेतले, ती बाई आता दाराशी उभं करून बोलत असल्यासारखं थियाला वाटलं. तिला रडू आलं आणि रडण्याचा रागही आला. ‘तुमच्या हे लक्षात आलं होतं. सप्टेंबरात अर्ज वाचला होतात तुम्ही. काहीच बोलला नाहीत.’ ‘बोलले होते,’ रॉबर्टा हळूच म्हणाली, ‘मी तुला विचारलं होतं, या खोलीत आणखी कोण कोण आहे?’ आणि थियाला आठवलं. विचारलं होतं खरं. अर्जाचं पाचवं पान उघडं होतं आणि रॉबर्टाने विचारलं होतं, मुलाखतीच्या खोलीत तू आणि ती ट्यूटर, आणखी कोण आहे? थियाला तो प्रश्न फार खोल वाटला होता. मुलाखतीत संस्था असते, भाषा असते, इतिहास असतो, असं काहीबाही तिने मार्जिनमध्ये लिहून घेतलं होतं आणि घरी जाऊन त्यावर दीड पान वाढवलं होतं. तेच दीड पान पहिल्या परीक्षकाला आवडलं होतं.

‘अहो, पण तेव्हा सरळ सांगायचं होतंत!’ ती ओरडली, बाहेरच्या टेबलांवरचं कुजबुजणं थांबलं. ‘म्हणायचं होतं, थिया, पाळ्या तू लावतेस, या मुलींना तुला नकार देता येणार नाही. एवढं एक वाक्य! तोंड दुखलं असतं का?’ रॉबर्टाचा चेहरा उतरला. आयुष्यभर जे बरोबर मानलं ते कुणी टेबलावर उलटं करून ठेवावं तसं तिला झालं असावं. निदान थियाला तसं वाटलं, आणि क्षणभर बरंही वाटलं. ‘मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल,’ रॉबर्टा म्हणाली, ‘तू तर आमच्यातली सर्वांत चांगली ऐकणारी.’ मग रॉबर्टाने खुर्ची ओढली, थियाच्या शेजारी, समोर नाही. ‘वाच,’ म्हणाली. ‘काय वाचू?’ ‘सगळं. त्यांना पाठवलंस ते सगळं. मोठ्याने.’ दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून थियाने वाचलं. बारा पानं, आवाज बसलेला, मध्ये मध्ये नाक पुसत. कुठेही पाळ्यांचा उल्लेख नव्हता, आणि प्रत्येक पानागणिक तिची खात्री वाढत गेली. ‘पाहिलंत? नाहीये.’ ‘पुढे?’ ‘पुढे काही नाही. पुढे माझी माहिती आहे, शिक्षण वगैरे. ती काय वाचायची?’ रॉबर्टा नुसती थांबली. थियाने चिडून तेही वाचायला घेतलं, भराभर, शाळा, पदवी, पारितोषिक, आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर स्वतःच्या आवाजात तिला ऐकू आलं: सहसंचालिका, लेखन केंद्र, तेवीस ट्यूटरांच्या साप्ताहिक पाळ्यांचं संपूर्ण नियोजन. ते वाक्य तिनेच लिहिलं होतं, तीन वर्षांपूर्वी, कुठल्याशा दुसऱ्या अर्जासाठी, आणि त्यातला ‘संपूर्ण’ हा शब्द घालताना तिला अभिमान वाटला होता. मग प्रत्येक अर्जाला ती पानं न वाचता जोडत आली होती. कुणी काही सांगितलं नव्हतं. परीक्षकाने फक्त शेवटपर्यंत वाचलं होतं. थियाला हसू आलं नाही, मोकळंही वाटलं नाही. संशय धरायला जागा राहिली नव्हती आणि हात मात्र अजून धरायला काहीतरी शोधत होते. पाकूचं बंद दार तेवढं उरलं होतं, आणि तेच मनात घेऊन ती घरी गेली. कुणी सांगितलं नसेल, पण ती मुलगी काहीतरी बोलली आहे. माझ्या पाठीमागे बोलली आहे.

गुरुवारी सकाळपासून ती उत्तर लिहीत बसली होती. उत्तर सोपं होतं, नमुनेच असतात तसले. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक होता. प्रत्येकीने संमतिपत्रावर सही केली आहे. कधीही माघार घेता येईल हे तोंडीही सांगितलं होतं. विद्यापीठाच्या नीतिसमितीने मंजुरी दिलेली आहे. चारी वाक्यं खरी होती, आणि एवढ्याने भागलं असतं. दुसऱ्या परीक्षकाला काय, उत्तर हवं होतं, मिळालं असतं. ती हे शेवटचं वाचत असताना दारात पाकू उभी राहिली, रुग्णालयातल्या रात्रपाळीचा निळा गणवेश तसाच अंगावर, त्यावर जाड कोट, केसांवर बर्फ. तिला बोलावलं होतं हे थिया विसरूनच गेली होती.

‘मी काल येणार होते, पण काल आमच्या वॉर्डात दोन जणी आल्या नाहीत,’ पाकू म्हणाली. ती बसली नाही. ‘मुलाखतीत माझं काही चुकलं का? हवी तर पुन्हा देते. कधीही. आता दिली तरी चालेल.’ थिया म्हणाली, ‘नाही नाही, चुकलं काही नाही. मला फक्त विचारायचं होतं, सोमवारी तू रॉबर्टाकडे...’ आणि ती तिथेच अडली, कारण पाकूच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने यापूर्वी पाहिलं होतं, चर्चच्या सभागृहात, वडिलांच्या टेबलापाशी आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर. ‘मी तुमच्याबद्दल वाईट काही बोलले नाही,’ पाकू घाईने म्हणाली, ‘शपथ. मी फक्त त्यांना विचारायला गेले होते की दुसऱ्या मुलाखतीला नाही म्हटलं तर चालतं का.’ ‘मग? काय म्हणाल्या?’ पाकूने जरा थांबून सांगितलं. ‘म्हणाल्या, तुला स्वतःला काय वाटतं?’

थियाच्या तोंडून हसू निसटलं, पाकूच्याही, पण पाकूने ते लगेच आवरलं, पाहुण्यांसमोर आवरावं तसं. ‘अगं, तू नकार देऊ शकली असतीस,’ थिया म्हणाली, ‘कागदावर होतं, मी तोंडीही सांगितलं होतं.’ ‘कुणाला नाही म्हणायचं? तुम्हाला?’ पाकूने अगदी साधेपणाने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते थेट लागलं. मग ती अडखळत म्हणाली, ‘माझी गुरुवारची दुपार. त्या दिवशी आजीला डायलिसिसला न्यायचं असतं सकाळी, आणि बाकीचे दिवस मी वॉर्डात. गुरुवार दुपार गेली तर मला केंद्र सोडावं लागेल. तुम्ही कधी काढली नसतीत, मला माहितीये. पण काढू शकता ना.’ आणि मग, आवाज आणखी खाली नेऊन, ‘ती तशीच राहील ना?’

अकरा मुलाखती. थियाला त्या आठवायला लागल्या, एकामागून एक, सगळ्यांची हसरी तोंडं, सगळ्यांचं तेच ते: केंद्र फार छान आहे, न बोलायला शिकल्याने मी चांगली ऐकणारी झाले, काही गिळावं लागत नाही. तिला ते ऐकून थोडी निराशा झाली होती आणि तिने टिपणात लिहिलं होतं, ट्यूटर स्वतःच्या मौनाबद्दलही मौन राखतात, हे फारच उद्बोधक आहे. उद्बोधक! तिला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं. ‘पाकू, खरं सांग. तुला मुलाखत द्यायची होती?’ पाकूने दाराकडे पाहिलं, भिंतीवरच्या पाळ्यांच्या तक्त्याकडे पाहिलं. थियाने पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘आधी माझा गुरुवार कुणाकडून तरी लिहून घेऊन द्या. तुमच्याकडून नको. मग सांगते.’

थियाला राग आला, खूप आला. एवढं चांगलं वागून शेवटी ही किंमत! पण राग येत असतानाच ती उठली होती, तक्ता भिंतीवरून काढत होती. रॉबर्टाचं दार उघडं होतं. थियाने तक्ता तिच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘आजपासून पाळ्या तुम्ही लावा. सहसंचालिकेचं काम मी सोडतेय. आणि पाकूची गुरुवारची दुपार सत्र संपेपर्यंत तिचीच, असं आत्ता लिहून द्या.’ रॉबर्टाने तोंड उघडलं. ‘प्रश्न नको,’ थिया म्हणाली, ‘कृपा करून, आजच्या दिवस एकही प्रश्न नको.’ रॉबर्टाने तोंड मिटलं, कागद ओढला आणि लिहिलं. सहीखाली तारीख घातली.

पाकूने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मग पहिल्यांदा खुर्चीत बसली. ‘मला नव्हती द्यायची,’ ती म्हणाली. ‘आणि आता?’ ‘आता पण नाही. आणि ती जुनी तुम्ही वापरू नये असं मला वाटतं. त्यातलं बरंचसं मी तुम्हाला आवडेल म्हणून बोलले.’ ‘बरंचसं?’ ‘सगळंच,’ पाकू म्हणाली.

थियाने संगणक तिच्याकडे वळवला, तिच्या देखत तिची मुलाखत शोधली, आवाज आणि टिपण दोन्ही पुसून टाकलं. मघाशी लिहिलेली ती चार खरी वाक्यंही पुसली. अर्जात आता दहाच मुलाखती उरल्या होत्या, आणि त्याही किती उरतील कोण जाणे. शुक्रवारचे पाच वाजायला एक दिवस होता. पाकू गेल्यावर तिने यादीतल्या पुढच्या नावाला निरोप लिहायला घेतला. भेटायला ये, असं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, पाळ्या आता माझ्याकडे नाहीत. तू दिलेली मुलाखत मी ठेवू का, आणि नको असेल तर कारण सांगायची गरज नाही. तो निरोप तिने दहाजणींना एकदम पाठवला आणि उत्तरांची वाट पाहत, हात टेबलावर उघडे ठेवून, बसून राहिली. पहिलं उत्तर चार मिनिटांत आलं. त्यात एकच शब्द होता: नको.